बरणी घट्ट बंद, तरी वाळवण सादळतं आणि बुरा येतो: चूक नेमकी कुठे होते

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे माझ्या धाकट्या जावेचा डोंबिवलीहून फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, पुन्हा सादळलं." मे महिन्यात तिने आंब्याच्या फोडी वाळवून बरणीत भरलेल्या असतात. भरताना हाताला अगदी कोरड्या लागलेल्या असतात, झाकणही घट्ट असतं. ऑगस्टमध्ये त्याच फोडी एकमेकींना चिकटलेल्या निघतात आणि तळाच्या दोन-तीन फोडींवर बुरा दिसतो. एखाद्या वर्षी आंब्याऐवजी गाजर असतं, एखाद्या वर्षी सांडगी मिरची. तिने रबराची रिंग असलेल्या नव्या बरण्या आणल्या, भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून पाहिली, शेवटी वाळवणाचं विजेचं यंत्रही घेतलं. ऑगस्टचा फोन काही थांबला नाही.

मी चिपळूणला राहते. माझ्याकडेही सलग दोन पावसाळे हेच होत होतं, म्हणून तिला काय सांगायचं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. आम्ही दोघी दोष बरणीत शोधत होतो. पण बरणीचं झाकण खरंच घट्ट असेल आणि ती मधे उघडलीच नसेल, तर बाहेरचं पाणी आत येणार कुठून? ते पाणी भरतानाच फोडींच्या पोटात होतं.

आधी तुमच्याकडे दोनांपैकी काय झालंय ते ओळखा, कारण उपाय वेगवेगळे आहेत. बरणी भरल्यापासून उघडलेली नाही, काही तुकडे मऊ आहेत नि काही कडक, आणि बुरा तळाशी किंवा जाड तुकड्यांवर आहे, तर पदार्थ आतून ओला राहिला होता. बरणी रोज उघडली जाते आणि सगळंच वाळवण सारखंच नरम पडलंय, तर त्याने हवेतली ओल ओढली. आमच्या घरातल्या दहापैकी आठ बरण्या पहिल्या प्रकारच्या निघाल्या. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

वरून कोरडं, आतून ओलं

फोडीतलं पाणी दोन टप्प्यांत जातं. पृष्ठभागावरचं पाणी हवा उचलून नेते, आणि मग आतलं पाणी हळूहळू पृष्ठभागाकडे येतं. लवकर व्हावं म्हणून सुरुवातीपासून यंत्र ७० अंशांवर लावलं की वरचं पाणी झपाट्याने उडतं, आतलं तेवढ्या वेगाने वर येऊ शकत नाही, आणि फोडीला बाहेरून टणक साल धरते. एकदा ती साल धरली की आतलं पाणी अडकलंच. हाताला फोड कोरडी लागते, आपण समाधानाने भरून ठेवतो. पुढच्या महिन्याभरात आतलं पाणी सावकाश बाहेर झिरपतं, बरणीभर पसरतं, आणि बुरशीला हवं तेवढं मिळतं.

जाडीने यात फार फरक पडतो. फोड दुप्पट जाड कापली तर वेळ दुप्पट लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण पाण्याला लांबचा रस्ता चालून यायचं असतं आणि तो रस्ता वाळता वाळता आणखी अवघड होत जातो. आंबा, केळं, चिकू मी आता ५ ते ६ मिलिमीटरपेक्षा जाड कापत नाही, गाजर आणि बीट ३ मिलिमीटर. आणि एका खेपेत सगळ्या फोडी सारख्या हव्यात. एकाच जाळीवर पातळ आणि जाड फोडी असल्या की पातळ आधी होतात, त्या बघून आपण यंत्र बंद करतो, आणि जाड फोडी ओल्या राहून सगळी बरणी नासवतात.

तापमान मी असं ठेवते: फळांना ५५ ते ५८ अंश, भाज्यांना ५० ते ५५, पाल्याला ३५ ते ४०. यंत्राच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक आणून मधल्या जाळीवर ठेवून बघा. माझ्या यंत्रात ५५ लावलं की खालच्या जाळीवर ६३ भरत होते आणि सगळ्यात वर ४८. तेव्हापासून दर दोन तासांनी मी खालची जाळी वर आणि वरची खाली करते.

हाताने नव्हे, काट्याने ठरवा

"कोरडं झालं की काढा" ही सूचना माझ्या अंदाजाने अर्ध्या नासाडीचं मूळ आहे. गरम फोड असते त्यापेक्षा मऊ लागते, साल धरलेली फोड असते त्यापेक्षा कोरडी लागते, आणि पावसाळी हवेत तर बोटंच ओलसर असतात. वजनकाटा फसत नाही.

हिशेब सोपा आहे. सोललेल्या, कापलेल्या १ किलो आंब्यात साधारण ८२ टक्के पाणी असतं, म्हणजे घन भाग १८० ग्रॅम. तो घन भाग कुठेही जात नाही. वाळलेल्या फोडीत २० टक्के पाणी उरायला हवं असेल तर १८० हा शेवटच्या वजनाचा ८० टक्के भाग झाला, म्हणजे शेवटचं वजन २२५ ग्रॅम. १५ टक्क्यांपर्यंत वाळवायचं असेल तर २१२. कोकणातल्या पावसाळ्यासाठी मी २१० ते २२० च्या मधे थांबते. गाजरात ८८ टक्के पाणी, घन भाग १२० ग्रॅम, आणि भाजी ८ टक्क्यांवर आणायची असते, म्हणून किलोचं वजन १३० च्या आसपास यायला हवं. टोमॅटोत पाणी ९४ टक्के, त्यामुळे किलोभर टोमॅटोचे ६५-६६ ग्रॅमच उरतात. पहिल्यांदा करताना ते पाहून वाईट वाटतं, पण तसंच असतं. जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. तरी ६६ च्या जागी ९० ग्रॅम भरले तर काम बाकी आहे एवढं नक्की कळतं.

फळ २० टक्क्यांवर चालतं आणि भाजी ८ वर का आणावी लागते, हे मला आधी कळत नसे. बुरशीला पदार्थातलं सगळं पाणी वापरता येत नाही, फक्त मोकळं पाणी वापरता येतं. आंब्यातली साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून तेवढं पाणी असूनही बुरशीच्या वाट्याला ते येत नाही. गाजरात साखर कमी, पाणी मोकळं जास्त. शास्त्रात हे मोकळेपण ० ते १ या मापावर मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा १, आणि ०.६ च्या खाली कुठलीच बुरशी वाढत नाही. घरी हे मोजायचं साधन नसतं, म्हणून वजन.

सगळ्या जाळ्या तोलत बसायची गरज नाही. जी जाळी सर्वात उशिरा वाळते ती रिकामी तोलून तिच्या कडेला खडूने वजन लिहा, आणि तेवढी एकच दर तासाने तोला.

तिसऱ्या वर्षी मी हे पहिल्यांदा केलं. किलोभर हापूसच्या सेंटिमीटरभर जाड फोडी होत्या, सुरुवातीचे चार तास मी यंत्र ७२ वर ठेवलं होतं. वजन २६० ग्रॅमवर येऊन अडकलं. पुढच्या दोन तासांत जेमतेम ३ ग्रॅम कमी झाले. फोडी हाताला खडखडीत लागत होत्या, आधीच्या दोन वर्षी मी त्या बेलाशक भरल्या असत्या. पण २६० मधून घन भागाचे १८० वजा केले तर ८० ग्रॅम पाणी, म्हणजे ३१ टक्के. बुरा कुठून येत होता ते मला त्या दिवशी स्वयंपाकघरात काट्यासमोर उभी असताना कळलं.

अडकलेलं पाणी बाहेर काढायचं कसं

अशा वेळी तापमान वाढवू नका, साल आणखी घट्ट होते. यंत्र बंद करा, फोडी निवू द्या, आणि सगळ्या एका स्टीलच्या डब्यात झाकून रात्रभर ठेवा. आतलं पाणी सालीपर्यंत येतं आणि सगळी फोड आतबाहेर सारखी होते. सकाळी मी झाकण काढलं तेव्हा रात्रीच्या खडखडीत फोडी मऊ आणि चिकट झाल्या होत्या. घाबरू नका, हेच व्हायला हवं असतं. मग ५५ अंशांवर पुन्हा लावल्या, पाच तासांत वजन २१८ वर आलं. त्या बरणीतल्या शेवटच्या फोडी आम्ही दिवाळीत खाल्ल्या.

उन्हात वाळवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे दुसरी एक अडचण आहे. आमच्याकडे मे महिन्यात ऊन कडक असलं तरी संध्याकाळी समुद्राकडून दमट वारा येतो, आणि दिवसभरात गेलेल्या पाण्यातलं बरंचसं पदार्थ रात्रीत परत ओढून घेतो. ऊन उतरायच्या आत ताटं घरात घ्या आणि झाकून ठेवा. "राहू दे गच्चीवर, उद्या परत ऊन आहेच" असं म्हणणाऱ्यांचं तीन दिवसांचं काम सहा दिवसांवर जातं, आणि तेवढ्यात आंबूसपणा सुरू होतो.

पहिले आठ दिवस

वजन बरोबर आलं तरी मी लगेच मोठ्या बरणीत भरून माळ्यावर टाकत नाही. काचेची, आरपार दिसणारी बरणी घेऊन ती दोन तृतीयांशच भरते आणि ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवते. आठ-दहा दिवस रोज सकाळी एकदा हलवायची. थोडीफार ओली राहिलेली फोड असेल तर तिचं पाणी कोरड्या फोडींमध्ये वाटलं जातं. आणि काचेवर आतून धुकं किंवा थेंब दिसले, तर त्याच दिवशी सगळं परत जाळीवर. थेंब दिसूनही "होईल आपोआप कमी" म्हणून सोडलेली बरणी मी आजवर वाचलेली पाहिली नाही.

जावेला मी यंत्राबद्दल फार काही सांगितलं नाही. वजन आणि हे आठ दिवस, एवढंच. गेल्या वर्षी तिचा फोन आला तो नारळीभाताचं प्रमाण विचारायला.

पावसाळ्यातच वाळवायची वेळ आली तर

इथे हवेचं गणित समजून घ्यायला हवं. बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तरी तीच हवा यंत्रात ५७ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १८-१९ टक्क्यांवर येते, म्हणजे ती पाणी उचलायला मोकळी होते. म्हणून जुलैतही फळं आणि भाज्या यंत्रात नीट वाळतात, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. पण तीच हवा ३५ अंशांपर्यंतच तापवली तर आर्द्रता ५७ टक्के राहते. कसुरी मेथी, पुदिना, कढीपत्ता श्रावणात कुरकुरीत का होत नाही, त्याचं उत्तर हे आहे. यंत्र दोन दिवस चालवलं तरी त्या हवेत पानं एका मर्यादेपलीकडे वाळणार नाहीत. शेवटचा अर्धा तास ५० अंशांवर न्या. वासाचा थोडा अंश जातो, पण पानं चुरा होण्याइतकी वाळतात. खरं तर मेथी जानेवारीतच करावी. तेव्हा ती स्वस्त, कोवळी, आणि हवा कोरडी.

पावसाळ्यात भरण्याची वेळही नाजूक असते. गरम भरलं तर झाकणाला वाफ धरते, आणि गार होईस्तोवर उघडं ठेवलं तर पातळ पानं तेवढ्यात सादळतात. मी पसरट पातेल्यात काढून वर कोरडं, जाड सुती कापड घालते आणि पंधरा-वीस मिनिटांत भरून टाकते. पंखा बंद. आणि एका मोठ्या बरणीऐवजी आठवड्याला संपतील अशा छोट्या बरण्या. रोज उघडून सादळण्याचा जो दुसरा प्रकार वर सांगितला, त्यावर एवढाच उपाय पुरतो. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी थोडी मदत करते, पण फार नाही. खाद्यपदार्थांसाठी मिळणारी सिलिका जेलची पुडी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ओल धरते.

काही पदार्थांच्या वेगळ्या तक्रारी

सांडगी मिरचीत बुरा नेहमी देठाच्या मुळाशी किंवा आतल्या मसाल्यात येतो. बाहेरची साल कडक होते आणि मसाला ओला राहतो. चीर देठापासून अर्ध्या बोटावर सुरू करून टोकाजवळ संपवा, मसाला दाबून भरू नका, आणि भरण्याआधी एक मिरची मोडून आत बोट लावून बघा. मसाला भुसभुशीत सुटला पाहिजे.

आंबापोळी, फणसपोळीत पहिला थर पूर्ण वाळायच्या आत दुसरा ओतला की मधल्या सांध्यात ओल कोंडते. पोळी ताटावरून उलटी सुटून आली तरच पुढचा थर. तोवर थांबणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे, पण बुरा आलेली पोळी अर्धी अर्धी कापून वाचवता येत नाही.

आमसुलं पावसाळ्यात ओलसर होतातच. त्यांना आगळाचे (कोकमाच्या रसाचे) आणि मिठाचे पुट दिलेले असतात, आणि हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. मीठ आणि आंबटपणा दोन्ही असल्यामुळे अशी आमसुलं बिघडलेली नसतात. पांढरा थर दिसला तर तो मिठाचा की बुरशीचा ते कोमट पाण्यात टाकून बघा. मीठ विरघळतं, बुरशीचे तंतू तरंगतात. केळ्याच्या नि अंजिराच्या फोडींवर साखरेचे पांढरे कण येतात, तेही असेच विरघळतात.

गाजर, फरसबी, मटार वाळवल्यावर दोन महिन्यांत रंग उडतो आणि सुक्या गवतासारखा वास येतो, त्याचा ओलीशी संबंध नाही. ते कापून दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढले नाहीत म्हणून त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) जिवंत राहिली. कांदा, लसूण, भेंडी यांना हे लागत नाही.

अर्धवट वाळवलेले टोमॅटो लसणीसकट तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. ते करू नका. तेलाखाली हवा नसते, ओल असते, आणि अशा जागी वाढणाऱ्या जिवाणूचं विष जीवघेणं असतं, त्याला वासही नसतो. करायचेच असतील तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

उन्हात वाळवलेल्या पदार्थात महिन्याभराने किडे निघाले तर अंडी वाळवतानाच पडलेली असतात. भरलेली पिशवी फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवून मग बाहेर काढा. पिशवी गार आहे तोवर उघडू नका, नाहीतर बाहेरची ओल आतल्या पदार्थावर जमते.

आणि बुरा दिसलेली बरणी पूर्ण टाका. पुसून, धुऊन, पुन्हा ऊन देऊन नको. काही बुरशींचं विष तंतू दिसतात त्यापेक्षा खूप लांब पसरलेलं असतं आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने जात नाही. किलोभर हापूस टाकताना हात थरथरतो, मी टाकलाय.

मांस आणि मासळी

इथे चूक बरणीपुरती राहत नाही, म्हणून वेगळं लिहिते. मराठवाड्यात मांसाच्या लांब पट्ट्या कडक उन्हात वाळवून चान्या करतात. तिथली मे महिन्याची हवा कोरडी, पट्ट्या पातळ, आणि नंतर त्या भाजून, शिजवून खायच्या. कोकणातल्या दमट हवेत ती रीत तशीच उचलता येत नाही. आणि विजेच्या यंत्रात कच्चं मांस ठेवून ते आपोआप निर्जंतुक होईल असं समजणं तर धोक्याचं. मांस वाळायला लागलं की जिवाणू उष्णतेला जास्त दाद देईनासे होतात, म्हणून उष्णता ओलं असतानाच द्यावी लागते. आधी शिजवा, मांसाच्या मध्यभागी ७१ अंश, कोंबडीला ७४. सुई असलेला तापमापक खुपसून बघा. चरबी सगळी काढा, कारण चरबी वाळत नाही आणि खवट होते. मग ५ मिलिमीटरच्या पट्ट्या ५५ ते ६० अंशांवर. वाकवली की चिरते पण तुटत नाही, इतकी झाली की पुरे. बाहेर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. मी सरळ फ्रीजरमध्ये ठेवते.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीचे सोडे, सुकट, जवळा बाजारातून आणला की पुष्कळदा अर्धाच वाळलेला असतो, कारण वजनावर विकायचा असतो. आणल्या दिवशी तोलून ठेवा, दोन ऊनं द्या, पुन्हा तोला. गेल्या मे महिन्यात माझे अर्धा किलो सोडे दोन उन्हांत ४३० ग्रॅमवर आले. ते ७० ग्रॅम पाणी बरणीत गेलं असतं.